दमा नाही, श्वास लागतो

१७ नोव्हेंबर १९९६, रविवार
पुण्याहून सुहासदादाचा फोन. नाताळच्या सुटीत तो आणि विनोदिनीवहिनी स्वतःच्या गाडीनं उज्जैनला येणार. दोघं हल्लीच सिंगापूर करून आलेत. दादानं विचारलं, मंदिरं सोडून तुमच्याकडे बघण्यासारखं काय आहे रे?
मी तयारच होतो. म्हटलं, बुऱ्हाणपूर. जमिनीखालचे प्राचीन बोगदे. चारशे वर्षांपूर्वी पाण्यासाठी खणलेले, पाणी अजून वाहतंय. वर जागोजागी विहिरीसारखी तोंडं, त्यांना कुंडी म्हणतात. कुंडीत शिडीनं उतरायचं आणि पाण्यातून आतल्या आत चालायचं. सिंगापूरला आहे का असलं काही?
दादा गप्प झाला. नंतर कळलं, लाइन कटली होती. पण त्याआधी गप्प झालाच असणार.
दुसऱ्या फोनमध्ये पक्कं केलं. फॅमिली टूर, लीडर मी. बुऱ्हाणपूरहून ते परस्पर पुण्याला, आम्ही बसनं परत.
अडचण एकच. निहारिका. आमची मुलगी, वय अकरा. थंडीत तिचा श्वास लागतो. दमा नाही. फ्रीगंजच्या डॉक्टरनं दोन वर्षांपूर्वी दमा म्हणून लिहून दिलं आणि पंप ओढायला सांगितला, म्हणून मी डॉक्टर बदलला. आमच्या घराण्यात कुणाला दमा नाही. पंपाची एकदा आदत लागली की जन्मभराची. शिवाय मुलीची जात. स्थळं बघायची वेळ आली की असले शब्द आपल्या आधी पोचतात. वहिनीला कळलं तर पुण्यापासून ग्वाल्हेरपर्यंत सगळ्या नातेवाइकांना कळेल.
संकल्प: उद्यापासून ट्रेनिंग. पहाटे फिरणं, प्राणायाम, कोमट पाणी. केळं, दही, आइस्क्रीम बंद. नाताळपर्यंत पोरगी बोगद्यातून ताठ चालून दाखवेल. सगळा खेळ मनाच्या ताकदीचा.

१८ नोव्हेंबर
पहाटे फार ठंड. लीडरनंच पहिल्या दिवशी आजारी पडणं बरोबर नाही, म्हणून उठलो नाही. माझी बायको मीरा निहारिकाला घेऊन टावर चौकापर्यंत जाऊन आली. येताना दोघींनी पोहे-जलेबी खाल्ली. जलेबीबद्दल नियम केलेला नव्हता. केला.

२४ नोव्हेंबर, रविवार
बोगद्याची प्रॅक्टिस. दोन पलंग जोडले, चारी बाजूंनी रजया सोडल्या. खाली काळोख. मी आधी शिरून दाखवलं. मध्यावर कंबरेत उसण भरली. शेजारच्या तिवारीजींनी पाय धरून ओढून काढलं. विचारलं, भाई साब, अंदर क्या ढूँढ रहे थे. मी सांगितलं, योगासन.
निहारिका सरपटत आरपार गेली. बाहेर आल्यावर थोडा खोकला, छातीत शिट्टी वाजल्यासारखं. मीरानं तिला स्वयंपाकघरात नेलं, दार लोटलं. थोड्या वेळानं मुलगी एकदम ठीक. काय दिलंस विचारलं तर म्हणाली, हळद-दूध.
हळदीचा इतक्या लवकर गुण येतो हे लोकांना माहीत नाही.

३० नोव्हेंबर
बँकेत कॉम्प्युटर येणार म्हणून सगळे परेशान. मी शांत. प्राणायामाचा परिणाम असावा. (स्वतः अजून सुरू केलेला नाही, कंबर.)
कॅशियर जोशींच्या वडिलांना दमा आहे, पंप ओढतात. जोशींना मनाच्या ताकदीबद्दल नीट समजावलं. ते म्हणाले, वडील फौजेत होते, लढाईवर जाऊन आलेत. त्याचा इथं काय संबंध, समजलं नाही.

८ डिसेंबर
निहारिका शाळेच्या खो-खो टीममध्ये. पळते, धाप लागत नाही. ट्रेनिंगची पद्धत लिहून काढावी आणि पेपरात द्यावी असा विचार आहे. मीराला म्हटलं, बघ, औषधाचा थेंब नाही, नुसती मनाची ताकद. ती पोळ्या लाटत होती. हो म्हणाली.

२१ डिसेंबर, शनिवार
वाईट दिवस.
बटण लावायला सुई शोधत होतो. मीराच्या शिवणाच्या डब्यात पंप. निळा.
मीरानं नाकारलंसुद्धा नाही. दोन वर्षं झाली म्हणाली. त्याच फ्रीगंजच्या डॉक्टरकडे नेते. शाळेत असला की दप्तरात, घरी असला की या डब्यात.
मी म्हटलं, माझ्या पाठीमागे? ती म्हणाली, "पहिल्या वेळेला तुम्हाला उठवलं होतं. ती बसून होती, झोपता येत नव्हतं. तुम्ही म्हणालात, पाणी दे आणि कूस बदलायला सांग. मग नाही उठवलं कधी."
असं म्हटल्याचं मला आठवत नाही. झोपेत माणूस काहीही बोलतो.
आता गुण आला तो ट्रेनिंगचा की पंपाचा, हे कधीच सांगता येणार नाही. सगळा प्रयोग बिघडवून टाकला तिनं.
शेवटी तह झाला. पंप राहील, पण दादा-वहिनींसमोर निघणार नाही. मीराची अट: पोरगी जिथं जाईल तिथं पंप तिच्या झोळीत असेल. मी मान्य केलं. म्हणजे मान हलवली.

२५ डिसेंबर, बुधवार
दादा-वहिनी आले. पांढरी गाडी, आत गाणी वाजतात. जेवण झाल्यावर सिंगापूरचा अल्बम. वहिनी प्रत्येक फोटोत पर्स घट्ट धरून उभी. एवढं काय असतं त्या पर्समध्ये कोण जाणे.
वहिनीनं निहारिकाला जवळ घेतलं आणि विचारलं, बाळ, डोळ्यांखाली काळं का ग? मी ताबडतोब सांगितलं, खो-खो.
उद्या रंगीत तालीम. भर्तृहरीच्या गुफेत. आत वाकून जावं लागतं, अंधार असतो, बोगद्याच्या आधी एकदम योग्य. मीराला पसंत नाही. आत धुनी पेटलेली असते, धूर कोंडतो म्हणाली. मी म्हटलं, लोक तिथं पुण्य घ्यायला जातात, तू धुराचं काय घेऊन बसलीस.

२७ डिसेंबर, शुक्रवार. हॉस्पिटल, बाहेरचा बाक.
काल लिहिलं नाही. आज क्रमानं लिहितो म्हणजे डोकं साफ होईल.
निघताना मीरा घरीच राहिली, स्वयंपाक व्हायचा होता. निहारिकाची झोळी गाडीच्या मागच्या सीटवर, तिथंच वहिनी बसणार. झोळीचं तोंड उघडं, पंप वरच. कुणीही बघितलं असतं. मी तो काढला आणि आत जाऊन माझ्या बँकेच्या बुटात ठेवला. जाऊन लगेच यायचं होतं. निहारिका दारात चपला घालत होती. तिचं लक्ष नव्हतं.
गुफेत मी पुढे, हातात टॉर्च. पायऱ्या उतरून वळलो की छत खाली येतं. धूर होता. माझेही डोळे झोंबले. मागून दादानं मला हाक मारली, यज्ञा, पोरीकडे बघ. मी म्हटलं, तिची प्रॅक्टिस आहे.
मग मागून माझा शर्ट कुणीतरी धरला. टॉर्च वळवला. निहारिकाला बोलता येत नव्हतं. ओठ निळसर, खांदे वर ओढले जात होते, गळ्यापाशी खड्डा पडत होता. मी म्हटलं, मन शांत ठेव, नाकानं घे. परत तेच म्हटलं. त्यावेळी दुसरं काही सुचलं नाही.
दादानं तिला माझ्यापुढून उचललं आणि वाकून तसाच मागे फिरला. डोकं दगडावर आपटलं, रक्त आलं. थांबला नाही.
बाहेर पायरीवर बसवलं. तिनं झोळीत हात घातला आणि रिकामा बाहेर काढला. परत घातला नाही.
तेवढ्यात वहिनीनं पर्स उघडली. आतून पंप काढला. तसाच, निळा. हलवला, पोरीच्या तोंडाला लावला. "मी दाबते, तू ओढ. आता धरून ठेव. सोड. परत." आवाज अगदी पोळ्या वाढताना असतो तसा. मी टॉर्च चालूच ठेवून उभा होतो, उन्हात.
नंतर हे हॉस्पिटल. ऑक्सिजन, सुई, सलाइन. डॉक्टर म्हणाले, अजून उशीर झाला असता तर. आणि पुढच्या पेशंटकडे वळले.
वहिनीला कॉलेजपासून दमा आहे. इथं बाकावर बसून सांगत होती, जसं आपण चष्म्याचा नंबर सांगतो. म्हणाली, "भावोजी, आमच्या रोहनच्या मुंजीत होमाच्या धुरात तुमच्या शेजारी बसूनच घेतला होता की मी." मला तो प्रसंग आठवतो. मला सेंट वाटलं होतं.
मीरा रिक्षानं आली. कणीक लागलेले हात तसेच. पहिला प्रश्न, पंप कुठे होता? मी सांगणारच होतो, म्हणजे कसं सांगावं याचा विचार करत होतो. निहारिकानं मास्क बाजूला केला आणि म्हणाली, "मी विसरले."
मीरा तिला रागावली. एवढं एक काम सांगितलेलं, ते कसं विसरतेस, म्हणाली. रागावता रागावता रडली. पोरगी छताकडे बघत ऐकून घेत होती.
मी मध्ये पडलो नाही. आई-मुलीच्या गोष्टीत पडू नये.

२९ डिसेंबर, रविवार
घरी आणलं. पंप बुटातून काढून शिवणाच्या डब्यात ठेवून दिला. त्याला पॉलिशचा वास येत होता, पुसला.
निहारिका माझ्याशी नीट बोलते. पाणी देते, पेपर आणून देते. म्हणजे तिच्या मनात काही नाही. तिनं बघितलंच नसेल. विसरले म्हणाली ती कदाचित खरंच तिला तसं वाटत असेल. मुलांचं असं होतं.
टूर रद्द करतो असं जाहीर केलं. कुणी ऐकलं नाही. निहारिकाला जायचंय. वहिनी म्हणाली, तिथं धूर नाही, पाणी आहे, मी तिच्याबरोबर असेन. डॉक्टरनं चार-पाच दिवस आराम आणि मग जा म्हणून सांगितलं. दादानं रजा वाढवली. डॉक्टर तेच, फ्रीगंजचे. त्यांनी मला ओळखलं नाही. किंवा ओळखलं.

२ जानेवारी १९९७
उद्या निघायचं. मी सर्वांना सूचना दिल्या: टॉर्च, टॉवेल, रबरी चपला. मीरा ऐकत होती. वहिनीशी तिची बरीच गट्टी जमली आहे, दोघी हळू आवाजात बोलतात. टूरचा हा फायदा धरलाच पाहिजे.

३ जानेवारी, शुक्रवार. बुऱ्हाणपूर, बसस्टँड.
बसला वेळ आहे.
बोगदे बघायला सकाळी पोचलो. गावाबाहेर मोकळं रान आणि त्यात एका ओळीत विहिरींचे काठ. वरून काही वाटत नाही. पहिल्या कुंडीत लोखंडी शिडी. मी पँट गुडघ्यापर्यंत दुमडली होती. निहारिका म्हणाली, "बाबा, तुम्ही वरच थांबा." मग म्हणाली, कंबर दुखेल तुमची. कारण बरोबर होतं. दादा आधी उतरला, मग वहिनी, निहारिका, शेवटी मीरा.
ते खालून पुढच्या कुंडीपर्यंत येणार होते. मी वरून, रानातून चालत तिथं गेलो. काठावर पालथा पडून वाकलो. हाक मारणार होतो. खालून बोलणं इतकं स्वच्छ येत होतं की कुणी कानाशी बोलतंय असं वाटावं.
वहिनीनं विचारलं, श्वास कसा आहे? निहारिका म्हणाली, मस्त.
मीरा म्हणाली, "पंप आहे ना जवळ? त्या दिवशीसारखा विसरली नाहीस ना?"
मग निहारिकाचा आवाज. "आई, त्या दिवशी मी विसरले नव्हते. बाबांनी काढून बुटात ठेवला. मी बघितलं होतं."
खाली पाण्यातली पावलं थांबली.
मी काठावरून मागे सरकलो. कुणी मान वर केली असती तर माझं डोकं दिसलं असतं.
सगळे वर आले. निहारिकाचे गाल लाल, फ्रॉक भिजलेला. आत भिंतींवर पांढरं चुन्यासारखं साचलंय, हात लावला तर गार लागतं, म्हणाली. धाप अजिबात नव्हती. हे काकूला सांगत होती, मी शेजारी होतो.
मीरा सरळ गाडीकडे गेली. डिकी उघडून माझी पिशवी काढली आणि माझ्या हातात दिली. तिची आणि निहारिकाची बॅग आतच राहिली. मोठी बॅग होती. काल मला वाटलं होतं, स्वेटर असतील.
म्हणाली, "आम्ही पुण्याला जातोय. वहिनींच्या डॉक्टरांना दाखवते."
ओरडली असती तर मला बोलता आलं असतं. मी म्हटलं, चांगला विचार आहे.
दादानं इथं सोडलं. खांद्यावर हात ठेवला आणि काढला. गाडी वळताना निहारिकानं हात हलवला. किंवा काच वर करत होती.

४ जानेवारी, शनिवार
पहाटे उज्जैनच्या देवास गेट स्टँडला उतरलो. सायकल रिक्षानं घरी. कुलूप काढत होतो तेवढ्यात तिवारीजी दूध घेऊन आले. विचारलं, टूर कैसा रहा. बढ़िया, म्हटलं.
भाभीजी आणि बिटिया कुठे विचारलं. मी म्हटलं, पूना गईं, मैंने ही भेजा है, बड़े डॉक्टर को दिखाने. आणि मग, का कोण जाणे, म्हणून टाकलं की उसको दमा है.
तिवारीजी म्हणाले, वो तो सारे मोहल्ले को पता है, भाई साब. त्यांच्या घरी येऊन दोनदा रात्री रिक्षा बोलावली होती भाभीजींनी.
दूध हवंय का विचारलं. थोडंसं घेतलं, एकट्यापुरतं.
जाता जाता त्यांनी विचारलं, लौटेंगी कब?
हे मी मीराला विचारलेलं नव्हतं.