गोकुळदासच्या भिंतीवरचा फोटो

साखळी,
२९ जून २०२४

ती. सौ. आक्काच्या सेवेशी,
गोकुळदासचा शि. सा. न. वि. वि.

तुझी फणसाची उन्हात वाळवलेली साठां पोचली. बरोबर मुंग्याही पोचल्या. त्या कोरगावच्या की वाटेत चढल्या ते कळायला मार्ग नाही. फोनवर तुला ऐकू येत नाही, आणि मी ओरडून बोललो की घरची बातमी सगळ्या बाजाराला फुकट मिळते, म्हणून लिहायला बसलो.

बांबोळीच्या इस्पितळातल्या डॉक्टरांनी माझ्या हृदयाच्या नळ्यांचा फोटो काढला. फोटो चांगला आला आहे, नळ्या तेवढ्या चांगल्या नाहीत. छाती उघडून नव्या जोडाव्या लागतील म्हणाले. ऑगस्टात बोलावलं आहे, म्हणजे गणपतीच्या चवथीला मी घरी असेन. उभा की भिंतीवर, ते त्यांनी सांगितलं नाही आणि मीही विचारलं नाही.

आता खरं काम. आयुष्यभर स्टुडिओ चालवला, त्यात लग्नं कमी आणि भिंतीवरचे फोटो जास्त केले. माणूस गेला की चार दिवसांनी घरचे येतात आणि बाराव्याच्या आत मोठा फोटो हवा म्हणतात. हातात काय असतं? मतदानाचं कार्ड, नाहीतर कुणाच्या तरी लग्नात जेवताना काढलेला. मी पत्रावळ कापायची, शेजारच्या बाईचा कान पुसायचा आणि मागे निळा पडदा घालायचा. पाळी गावच्या एका थोरल्या शेटचा फोटो अजून त्यांच्या घरी बैठकीच्या सालीत आहे. त्यांच्या खांद्यावरचा परका हात मला शेवटपर्यंत पुसता आला नाही, तर घरचे त्या हातासकट फोटोला हार घालतात.

माझा स्वतःचा फोटो एकच, आधार कार्डावरचा. त्यात मी चोरी करताना सापडल्यासारखा दिसतो. तो माझ्या भिंतीवर लागायचा नाही. म्हणून ठरवलं आहे की पोरगा साईश, सूनबाई क्षमा, तुझी भावजय गंगा आणि मी गाडी काढून पाळीच्या खाणीकडे आणि चोर्ला घाटात जायचं आणि माझा एक नीट फोटो काढायचा. माझ्या मागे पडदा नको, डोंगर हवा. पाऊस आहे, पण ऑगस्ट पावसासाठी थांबणार नाही. साईश नको म्हणतो, क्षमा गाडीची चाकं तपासते आहे आणि गंगा छत्र्या शोधते आहे.

भावोजींना नमस्कार. तुझी माया आहेच, ती रागावण्यात खर्च करू नये.

तुझा,
गोकुळदास

*

कोरगाव, पेडणे,
४ जुलै २०२४

चि. गोकुळदास यास,
अनेक उत्तम आशीर्वाद.

पत्र वाचलं आणि चूल विझवून बसले. जिवंत माणूस स्वतःचा हाराचा फोटो काढायला निघतो, हे मी आजवर ऐकलं नव्हतं. आपल्या घराण्यात मूर्ख झाले, पण हौसेने कुणी झालं नाही. फोटो तयार ठेवलास की तो लावायची वेळ येणारच. घरात पाळणा आणून ठेवला की लोक काय समजतात ते तुला ठाऊक आहे. तसंच हे.

तू लहानपणापासून ऐकणारा नव्हेस, म्हणून मी तुला सांगायच्या भानगडीत पडलेच नाही. सरळ वाड्यावरच्या राखणदार देवाकडे गेले आणि देवाशी बोलणाऱ्या सगुण घाड्याकडून गाऱ्हाणं घातलं. माझ्या भावाचा फोटो येऊ नये, कुठेच येऊ नये, ना डोंगरावर, ना पाण्याकाठी. सगुणने त्यात आपल्या पदरची आडवाट आणि तिठाही घातला. काम झालं तर रोट, केळी, विडी आणि बाटली देईन असं बोलले आहे. तेव्हा तुझं पेट्रोल फुकट जाणार आहे, ते आधीच कळवते.

छातीला गार वारा लागू देऊ नकोस. गंगेला सांग की तुला बांधून ठेवायला माझी परवानगी आहे. तुमचे भावोजी बरे आहेत, पाव घेऊन पोदेर उशिरा आला म्हणून सकाळपासून माझ्याशी बोलत नाहीत.

माझा राग खरा आहे, त्याच्या मागची काळजीही खरी समज.

तुझी,
आक्का

*

साखळी,
१५ जुलै २०२४

ती. सौ. आक्काच्या सेवेशी,
शि. सा. न. वि. वि.

तुझ्या राखणदाराची हद्द कोलवाळच्या नदीपाशी संपते, असा माझा समज होता. तो चुकीचा निघाला.

पहिल्या दिवशी पाळीला गेलो. बंद खाणीचे ते लाल कापलेले डोंगर आणि खाली हिरवं पाणी मला मागे हवं होतं. पहारेकऱ्याने आत सोडलं नाही, त्याचं बरोबरच होतं. मग बाहेरच्याच एका मातीच्या ढिगावर चढायला लागलो. क्षमाने आठवण केली की डॉक्टरांनी जिने चढायला बंदी केली आहे. मी म्हटलं, जिन्याची केली आहे, ढिगाचं ते काही बोलले नाहीत. अंगात स्टुडिओचा काळा कोट होता. साखळीतल्या निम्म्या लोकांचे पासपोर्टचे फोटो त्याच एका कोटात झाले आहेत. ढीग अर्धा चढलो आणि कोटासकट बसूनच खाली आलो. उठलो तेव्हा कोट लाल होता, मीही लाल होतो, आणि साईशने यातलं काहीच काढलं नव्हतं, कारण तो मला धरायला धावला होता. त्याच्यात फोटोग्राफरचं रक्त कमी आहे.

दुसऱ्या दिवशी घाटात गेलो. सरकारने आदल्या दिवसापासून लाल इशारा दिला होता, पण पावसाने तो वाचला नसावा अशी माझी आशा होती. केरीच्या पुढे वळणावळणावर रस्त्यावरूनच ओढे वाहत होते. क्षमाने गाडी इतकी सावकाश चालवली की जळवा चालत आत आल्या. सुर्ल्याच्या वरच्या उघड्या सड्यावर पोचलो तेव्हा छत्र्या वाऱ्याने उलट्या झाल्या, आणि एक तर कर्नाटकात गेली. साईशने कॅमेऱ्याला दुधाची पिशवी बांधली. मी कड्याच्या जवळ जाऊन हनुवटी वर केली, खांदे सोडले, आणि गिऱ्हाइकांना जन्मभर सांगत आलो तसा श्वास धरून उभा राहिलो. श्वास सोडला तोवर धुकं आलं होतं.

ते गेलंच नाही. आम्ही थांबलो. थर्मासमधला चहा संपला, साईश आणि क्षमाचं भांडण सुरू होऊन मिटलं, गंगा माझ्या मागे दगडाआड भिजत बसली. तिला गाडीत जा म्हटलं तर इथंच बरं आहे म्हणाली. साईश अंदाजाने बटण दाबत राहिला. घरी येऊन पाहिलं तर सगळे फोटो पांढरे आहेत. एकच स्वच्छ आला आहे, त्यात माकड आहे. पोझ चांगली दिली आहे त्याने.

तेव्हा तू जिंकलीस. एक विचारतो. राखणदार जर एवढा नदीपार हात पोचणारा आहे, तर फोटोसारखं किरकोळ काम त्याला का सांगितलंस? नळ्यांचं सांगायचं होतंस.

लोभ आहे तसाच ठेव, त्यात धुकं नको.

तुझा,
गोकुळदास

*

कोरगाव,
२१ जुलै २०२४

चि. गोकुळदास यास,
अनेक उत्तम आशीर्वाद.

पत्र वाचून मी देवासमोर साखर ठेवली. लगेच बोललेलं फेडायला घेतलं. रोट घरी केला, केळी परसातली, विडी दुकानातून आणली. बाटलीसाठी दारूच्या तावेर्नात कोण जाणार? मी जाणं शोभत नाही, म्हणून तुमच्या भावोजींना पाठवलं. गेली कित्येक वर्षं मी त्यांना त्या दारातून जाऊ दिलेलं नाही. ते दोन तासांनी परत आले आणि तिथल्या मालकाने फार आग्रह केला म्हणाले. बाटली मात्र बूच न काढता आणली, एवढं कबूल केलं पाहिजे. सध्या ते राखणदाराचं फार कौतुक करतात.

आता तू जे विचारलंस त्याचं. ते वाचल्यापासून मला जेवण गेलेलं नाही. गोकळ्या, मी त्या दिवशी नळ्यांचंच मागायला गेले होते. सगुण नारळ धरून उभा राहिला आणि विचारू लागला की आता काय सांगणं घालायचं ते बोला. मला बोलवेना. तुझं नाव आणि तो शब्द एका वाक्यात माझ्या तोंडून निघेना. तो थांबला होता, पाऊस पडत होता, मागे आणखी माणसं होती. मग फोटो आठवला तसा फोटोचं मागून मोकळी झाले. घरी येऊन जनेलाच्या गजाशी बसून रडले. तुला लिहिताना राग लिहिला, कारण तो लिहिता येतो.

काल परत गेले. या वेळी स्वतः बोलले, मोठ्याने. माझा धाकटा भाऊ मला हवा आहे, तो जगला पाहिजे, असं म्हटलं. वाड्यावरच्या सगळ्यांनी ऐकलं. ऐकू दे.

जपून राहा. माझं आयुष्य तुला लागो असं लिहिणार होते, पण तुमचे भावोजी एकटे पडले तर तावेर्नातच राहायला जातील.

तुझी,
आक्का

*

साखळी,
९ ऑगस्ट २०२४

ती. सौ. आक्काच्या सेवेशी,
शि. सा. न. वि. वि.

सोमवारी भरती व्हायचं आहे. तुझं पत्र खिशात आहे.

आक्का, मला भीती वाटते. हे गंगेला सांगितलं नाही, साईशला सांगणं शक्य नाही, म्हणून तुला लिहितो. भिंतीवरच्या फोटोचं एवढं काढलं, कारण फोटोचा विचार करत असलो की दुसरा विचार येत नाही. उजेड कुठून, मान कशी, चौकट कसली, यात दिवस जातो. आता फोटोही नाही. काल रात्री डोक्यात काहीच नव्हतं, तर ते दुसरंच येऊन बसलं.

घरात सांगून ठेवलं आहे की वाईट झालं तर आधार कार्ड मोठं करायचं नाही. फोटोसाठी भिंतीत खिळा ठोकलेला आहे, तो तसाच रिकामा राहू दे.

चवथीला तुझ्या हातच्या तळलेल्या गोड नेवऱ्या मला हव्या आहेत. पथ्य काहीही असो.

तुझा,
गोकळो

*

साखळी,
२२ ऑगस्ट २०२४

ती. सौ. वन्संच्या सेवेशी,
गंगेचा शि. सा. न. वि. वि.

ऑपरेशन नीट झालं हे साईशने फोनवर सांगितलं तेव्हा तुम्हाला ऐकू आलं की नाही ते कळलं नाही, म्हणून पुन्हा लिहिते. नीट झालं. काल घरी आणलं. पेज घेतात, भिंतीला धरून मोरीपर्यंत चालतात, आणि इस्पितळाने कागदावर लावायला त्यांचा जो फोटो काढला त्यात उजेड चुकीच्या बाजूने होता, असं येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगतात. डॉक्टरांनाही सांगून झालं आहे.

मला पत्र लिहायची सवय नाही, तरी एक विचारायचं आहे. घाटातले ते पांढरे फोटो साईश पुसून टाकायला निघाला होता. मी एक ठेवून घेतला आणि मोठा करून आणला. चौकटीतही बसवला आहे. क्षमा म्हणते, यात काहीच नाही. ह्यांनी पाहिला आणि उजेड जास्त झाला म्हणाले. त्या खिळ्यावर तो लावायचा माझा विचार आहे. हार नाही घालणार, नुसता लावायचा. फोटो येऊ नये या तुमच्या गाऱ्हाण्याला हा चालतो का, ते सगुणला विचारून कळवा. नाही म्हणाला तर कपाटात ठेवीन, पण टाकणार नाही.

त्यात हे आहेत, वन्सं. डाव्या बाजूला, मधल्यापेक्षा थोडे वर. मला माहीत आहे, कारण मी दगडाआड बसून मागून त्यांच्या शर्टाचं टोक धरलं होतं. वारा फार होता आणि हे हनुवटी वर करून कड्याच्या कडेला उभे. सोड म्हणतील म्हणून सांगितलं नाही. त्यांना वाटलं वाराच ओढतो आहे. धुक्यात मलाही ते दिसेनासे झाले होते, पण हाताला ओढ लागत होती, तेवढ्यावर मी तितका वेळ बसले.

ऑपरेशनच्या दिवशी त्यांना आत नेलं आणि नर्सने बाहेर येऊन त्यांचा शर्ट माझ्या हातात दिला. त्यात ते नव्हते. साईशने तो पिशवीत ठेवायला मागितला, मी दिला नाही. संध्याकाळी डॉक्टर बाहेर आले तोपर्यंत मी त्याचं टोक धरून बसले होते.

चवथीला सगळ्यांनी या. थोरल्यांच्या आशीर्वादाची छाया आमच्यावर असू द्या.

तुमची,
गंगा