अण्णांसाठी कमी केलेला घुमारा

प्रसन्न,

अलाहाबादहून आलास की आधी हे वाच. तुझा गिटारचा, व्हॉल्व्हवाला अ‍ॅम्प्लिफायर पलंगावर उघडाच आहे, मागचं झाकण लावायला वेळ मिळाला नाही. प्लग काढलाय, तरी कंडेन्सरमध्ये करंट राहतो, आत हात घालू नकोस.

तुला न विचारता मी त्याचा रिव्हर्ब, म्हणजे घुमारा, कमी केलाय. माफ कर. तू गेल्यापासून अण्णांचा आवाज फारच बसला. काल पाठशाळेत वेद शिकवताना मागे बसलेल्यांना काही ऐकू जाईना, म्हणून तुझा अ‍ॅम्प्लिफायर नेऊन माईक जोडला. अण्णा म्हणाले, "कस्तुरी, फार घुमतंय गं हे. एक अक्षर दुसऱ्यावर चढतंय." मग रिव्हर्बच्या वाटेत मोठा रेझिस्टर टाकला, तेव्हा कुठे स्वर स्वच्छ आले. जुना रेझिस्टर काढून पाकिटात ठेवलाय, मीच परत बसवून देईन.

पाठ संपल्यावर त्यांनी विचारलं, "प्रसन्न यावरच वाजवतो ना? मी कधी बसून ऐकलंच नाही." दोन वर्षांत त्यांच्या तोंडून तुझं नाव मी पहिल्यांदा ऐकलं.

त्यांच्या घशात गाठ आहे. तुझी परीक्षा होईपर्यंत तुला कळवू नको, असं त्यांनीच बजावलं होतं. आज त्यांना हॉस्पिटलात भरती करतेय. उद्या सकाळी ऑपरेशन. त्यानंतर आवाज राहणार नाही, असं डॉक्टर म्हणाले.

भेटायची वेळ संध्याकाळी सहापर्यंत आहे. जेवत बसू नकोस, तसाच ये. त्यांना तुझ्याशी बोलायचंय.

ताई