दुना माहेरी गेली

ओट्टा, १४ सप्टेंबर १९९३

॥ प्रभूची कृपा ॥

चि. तोरुन हिस अनेक आशीर्वाद वि. वि.

तुझं पत्र पोचलं. यांचा उजवा हात तसाच, वाचाही नाही. अर्धांगाचा झटका येऊन वर्ष होत आलं. घरात काही हलतंफिरतं असू द्या असं डॉक्टर म्हणाले, म्हणून काल मांजरांची पैदास करणाऱ्या व्हिग्दिसबाईंकडे आपल्याकडच्या लांब केसांच्या अस्सल जातीची पिल्लं पाहायला गेलो. बाईंनी आधी आम्हालाच पारखलं: घरी कोण असतं, खिडक्या उघड्या टाकता का. बारा आठवडे झाल्याशिवाय त्या पिल्लू आईपासून तोडत नाहीत.

शेपटीला गाठ असलेला एक तांबूस बोका यांच्या पावलांवर येऊन झोपला. यांनी डावा हात त्याच्यावर ठेवला, तो काढेचनात. त्याची बहीण मात्र रुपेरी, कानांवर झुपके, नावाला खोड नाही. ती वंशासाठी राखलेली, विकत मिळत नाही. पण सांभाळायला देतात. राहणार आपल्याकडे, मालकी बाईंची, मोठी झाली की दोन विणी त्यांच्या घरी. मोल काही नाही. मी सही केली आणि रुपेरीच आणली. नाव दुना. उत्तम ते फुकट मिळालं, देवाचे आभार.

मुलांना पापे. तुझी ताई, बोर्गहिल्ड

मोल्दे, २२ सप्टेंबर १९९३

ती. ताईस सा. न. वि. वि.

वाचून हसू आलं. चीज घेताना फुकट काप तीनदा चाखतेस, तशातलंच हे! पण ताई, लोकांची लेक वाढवायला आणलीस. उद्या माहेरचे न्यायला आले की काय करशील? आणि सिवर्तभावोजींचा हात कुणावर होता, ते तूच लिहिलंयस. अजून वेळ आहे, बदलून आण.

मागे लागले म्हणून रागावू नकोस. तुझी तोरुन

ओट्टा, २ सप्टेंबर १९९४

चि. तोरुन हिस अनेक आशीर्वाद वि. वि.

तुझं ऐकायला हवं होतं. वसंतात दुनाची आतली लोकर सुटली, काखेत गाठी झाल्या. मी हात लावला की ओरबाडायची. एक दिवस यांनी माझ्या हातातून कंगवा घेतला. डाव्या हाताने, आधी बोटांनी गाठ सोडवून मग कंगवा. तेव्हापासून रोज तासभर तेच चालतं. विंचरताना यांच्या तोंडून 'दु' एवढं निघतं. दोन वर्षांत निघालेला हा पहिला शब्द.

काल बाईंचा फोन आला. पंधरा तारखेला दुनाला नेणार. वीण होऊन पिल्लं बारा आठवड्यांची होईतो, म्हणजे पाच महिने. पुढे पुन्हा एकदा. मी म्हटलं, विकत द्या, सांगाल ते देते. त्या म्हणाल्या, अशी मादी दहा वर्षांत एखादीच होते हो. पाद्रीबाबांना विचारलं, तर म्हणाले, सही तुमचीच ना? यांना 'पाच महिने' म्हणजे किती, ते कसं समजावू?

प्रार्थनेत आठवण ठेव. ताई

मोल्दे, ७ सप्टेंबर १९९४

ती. ताईस सा. न. वि. वि.

मांजरी आजारी आहे म्हणून सांग. तुला खोटं बोलवत नसेल तर बाईंचा नंबर दे, मी बोलते. पाप मला लागू दे, मला सवय आहे. आणि तो गाठीच्या शेपटीचा कुठे असतो, विचारलंस का?

घाईत, तोरुन

ओट्टा, १९ सप्टेंबर १९९४

चि. तोरुन हिस अनेक आशीर्वाद वि. वि.

नंबर कळवला नाही. सही करताना मी शुद्धीत होते. बोका लिलेहामरला एका मास्तरणीकडे आहे, सुखात आहे.

गुरुवारी बाई आल्या. यांनी सकाळीच तिला विंचरलं होतं. पिंजऱ्यात शिरेना, शेवटी मीच मागून ढकललं. हे गाडी वळेपर्यंत पाहत राहिले, बस. मला वाटलं, निभावलं.

आज न्याहारीला हाक मारायला गेले तर खोलीत नाहीत. दोन वर्षं यांच्या पायांत बूट मी चढवते आहे. आज स्वतःच घातलेत, डावा उजव्यात, उजवा डाव्यात. डॉक्टरांना कळलं तर शाबासकी देतील. बाहेरच्या पायरीवर बसलेत आणि हाताने रस्ता दाखवतात. मी सांगितलं, बाळंतपणाला माहेरी गेलीय, येईल. पुन्हा रस्ता दाखवला. तीनदा आत बोलावलं. आता मीही कोट घालून शेजारी बसले आहे. कागद गुडघ्यावर आहे, अक्षर लावून घे.

यांनी माझी बाही धरली आहे. ऊठ म्हणून ओढतात. चालवत तरी कुठे नेऊ, तोरुन?

तुझा जीव आहे माझ्यावर, तो असाच राहू दे.

ताई