जतला जाण्याआधी गाडीचं सेटिंग

३ फेब्रुवारी, सोमवार. सकाळी ७.
जतहून वहिनींचा फोन. आकारामदादाला डॉक्टरांनी घरी सोडलंय. लिव्हर संपलंय, आता काही करण्यासारखं नाही. धाकट्याला बोलवा म्हणतोय म्हणे. धाकटा म्हणजे मी. नऊ वर्षं आम्ही बोललेलो नाही. वडिलांची टू-स्ट्रोक मोटरसायकल मी ठेवून घेतली, तेव्हा चारचौघांत म्हणाला होता, तुझ्या हातात ही गाडी जागेवर उभी राहून चालायची न्हाई, गड्या.
निर्णय: उद्या निघणार. त्याच गाडीवरून. त्याच्या दारात गाडी चालू ठेवूनच स्टँडवर लावायची. ऐकू दे पडल्या पडल्या.
अडचण: रेस सोडली की बंद पडते. धूरही जरा जास्त. किरकोळ. चोवीस वर्षं आर्मीच्या वर्कशॉपमध्ये काढलीत. अर्ध्या तासाचं काम.

४ फेब्रुवारी. दुपारी.
इंजिन गरम केलं. कार्बोरेटरचा मिक्श्चरचा स्क्रू पाव फेरा आत घेतला. धूर म्हणजे पेट्रोल जास्त. स्क्रू आत घेतला की पेट्रोल कमी. हे मी झोपेतही सांगेन.
बंद पडली. आणखी पाव फेरा आत. धूर वाढला. पेट्रोल शिळं असणार.
निघणं उद्यावर. घाईघाईत दुरुस्ती करणं शिस्तीत बसत नाही.

६ फेब्रुवारी, गुरुवार.
टाकी रिकामी करून ताजं पेट्रोल भरलं. नवा प्लग. संध्याकाळी काढून बघितला तर तव्याच्या बुडासारखा काळा, वर ओला. स्क्रू अजून अर्धा फेरा आत.
राजेश्वरी म्हणाली, आवं, यष्टीनं जावा की. गाडी मोठी का माणूस? बायकोला टेक्निकल गोष्ट समजावण्यात अर्थ नसतो. जरा आवाज चढवला. रात्री एकटाच जेवलो.

८ फेब्रुवारी. सकाळी १०.
पुन्हा वहिनी. दादाला पाणीसुद्धा चमच्यानं पाजतात. निघाला का, निघाला का, एवढंच विचारतोय. सांगितलं, काम शेवटच्या टप्प्यात आहे. खोटं नाही. स्क्रू पूर्ण आत टेकलाय, आता आत जायला जागाच नाही. तरी धूर. म्हणजे कार्बोरेटरच खराब. माझा दोष नाही हे सिद्ध झालं, ते एक बरं झालं.

९ फेब्रुवारी, रविवार.
गाडी टेम्पोत घालून विट्याला सम्मेदच्या गॅरेजवर नेली. फक्त दुसरा कार्बोरेटर मिळतो का बघायला. त्यानं वाकून बघितलं आणि हसला. म्हणाला, लालासाहेबकाका, ह्यो हवेचा स्क्रू हाय. आत घेतला की हवा कोंडती. तुमच्या मिलिटरीच्या गाड्यांचं उलटं असतं. दीड फेरा भाईर सोडा, लगेच चालंल. दोन मिनिटं द्या, मीच करतो.
गिऱ्हाइकांसमोर हसला. त्याला सांगितलं, तुझ्या जन्माच्या आधी मी इंजिनं खोलत होतो. गाडी परत टेम्पोत. सम्मेद टेम्पोमागं चार पावलं आला, म्हणाला, आवं काका, जतला जायचंय म्हणताय नव्हं?

११ फेब्रुवारी.
दोन दिवस गाडीला हात लावला नाही. डोकं शांत असल्याशिवाय बारीक काम होत नाही. थोडी सर्दीही होती. वहिनींचा फोन राजेश्वरीनंच घेतला. काय बोलणं झालं ते सांगितलं नाही, मीही विचारलं नाही.
उद्या नक्की.

१२ फेब्रुवारी, बुधवार. सकाळी ८.४०.
फत्ते! स्क्रू तळापासून दीड फेरा बाहेर. सम्मेदचा काही संबंध नाही, मला स्वतःलाच सुचलं. पहिल्या किकला चालू. धूर गेला. रेस सोडली तरी जागेवर चालतेय. संथ, एकसारखी. अंगणात स्टँडवर लावून नुसता ऐकत बसलोय, शेजारचा धनाजीसुद्धा बघून गेला. वीस मिनिटं झाली. बंद करवत नाही.
बूट पुसून निघतोच.
९ वाजता. राजेश्वरी बाहेर आली, हातात माझा फोन. किल्ली फिरवून तिनं गाडी बंद केली.

१३ फेब्रुवारी.
काल धनाजीनं त्याच्या जीपमधून नेलं. चार वाजेपर्यंत लोक माझ्यासाठी थांबले होते. दादाचं तोंड बघितलं. एवढंसं झालं होतं. बोलायचं काय ते नऊ दिवसांत मनात एकदाही ठरवलं नव्हतं. सगळा वेळ गाडी त्याच्या दारात कशी उभी करायची याचाच विचार केला होता.
स्मशानातून परत आल्यावर वहिनी पायरीवर बसल्या होत्या. काहीतरी बोलावं म्हणून सांगितलं, गाडी एकदम ओके झालीय. त्या म्हणाल्या, बरं झालं, भावजी.
मग मला रडू आवरलं नाही. लोक बघत होते. दादासमोर जायची मला भीती वाटत होती. गाडी सोमवारीच दोन मिनिटांत झाली असती, तरी मी तिच्यात दुसरं काहीतरी शोधलं असतं.