स्पीकर गेले आणि आई आली

हॉल्स्टन, आयोवा
१९ ऑक्टोबर

आदरणीय ड्वेनमामा,

भाचा वेस्लीचा तुम्हाला आणि लोर्नामामींना मनापासून नमस्कार. मामींच्या मोतीबिंदूचं ऑपरेशन नीट पार पडल्याचं कळलं आणि बरं वाटलं. त्या रविवारी आम्ही चर्चमध्ये त्यांच्यासाठी प्रार्थना केली होती. आता त्यांना लांबचं स्वच्छ दिसत असेल, तर तुमच्या कोठीच्या छपराचा रंगही दिसला असेल, आणि त्याबद्दल तुम्हाला दोन शब्द ऐकावे लागले असतील. आमच्याकडे सगळं क्षेम आहे. मका निम्मा निघाला. सकाळी सहापासून मी धान्याच्या कोठारावर ट्रकच्या वजनकाट्याच्या खिडकीत असतो. एक ट्रक गेला की दुसरा यायच्या आत हे पत्र लिहितो आहे, तेव्हा मधेच काही तुटल्यासारखं वाटलं तर तिथे ट्रक आला असं समजावं.

तुम्ही विचारलं होतं की आई आमच्याकडे राहायला शेवटी तयार कशी झाली. हे फोनवर सांगायची सोय नाही, कारण मी फोनवर बोलू लागलो की आई शेजारच्या खोलीतून दुरुस्त्या सांगते. फेब्रुवारीत ती पाखरांना दाणे टाकायला म्हणून बाहेर गेली आणि ओसरीच्या पायरीवरून घसरली, ते तुम्हाला माहीत आहेच. मोडलं काही नाही, पण डॉक्टरांनी जिने बंद केले. आणि तिच्या मळ्यावरच्या घरात न्हाणीघर वरच्या मजल्यावर. आमच्या घरात खाली एकच खोली, स्वयंपाकघराला लागून. त्या खोलीत माझे स्पीकर.

ते स्पीकर तुम्ही पाहिले आहेत (एकदा तुम्ही त्यावर टोपी ठेवली होती आणि खाली काढायला तुम्हाला हात उंच करावा लागला होता). चोविसाव्या वर्षी एका हिवाळ्यात मी ते स्वतः बांधले. प्रत्येकाचं वजन वर्षाच्या वासराएवढं. लोक विचारायचे, एवढे कशाला? त्यांना कसं सांगणार? शाळेच्या बँडमध्ये चार वर्षं मी सूझाफोन, ते भलंमोठं पितळी वाद्य, अंगाभोवती गुंडाळून चाललो. त्याचा खालचा सूर आपल्याला कानाने कळत नाही, बरगड्यांना कळतो. शाळा संपल्यावर बरगड्यांना काही कळेनासं झालं, म्हणून स्पीकर बांधले. जॅनेलने लग्नापासून चोवीस वर्षं त्यांच्यावरची धूळ पुसली आणि एक शब्द काढला नाही. आई मात्र त्यांना पहिल्या दिवसापासून शवपेट्या म्हणते.

मी आईला म्हटलं, स्पीकर काढतो, तू ये. तर म्हणाली, "माझ्यासाठी काढणार असशील तर मी येत नाही. उद्या त्या खोलीत पाय टाकलास की तुझा चेहरा पडणार, आणि तो मला रोज बघावा लागणार. नीट ऐकणारा माणूस शोध, राजीखुशीने दे, मग बघू." मी म्हटलं, तोवर पुन्हा पडलीस तर? म्हणाली, "मग पडून राहीन. छत चांगलं आहे तिथलं." तुमची मोठी बहीण आहे, तुम्हाला वेगळं काय सांगू? मी रोज रात्री प्रार्थनेत एकच गोष्ट मागत होतो, की पुढच्या बर्फाच्या आत एक गिऱ्हाईक दे. (स्पीकरसाठी देवाला त्रास द्यावा का, असा प्रश्न मनात यायचा. पण मागणं खरं तर आईसाठी होतं, आणि त्याला ते कळत असणार.)

आमच्या पिस्तूल क्लबच्या फळ्यावर मी चिठ्ठी लावली. दर गुरुवारी आम्ही दहा-बारा जण तिथे जमतो, एका हाताने पॉइंट बावीसचं पिस्तूल धरून पंचवीस यार्डांवरच्या कागदावर नेम धरतो, आणि दोन फेऱ्यांच्या मध्ये कॉफी पीत बसतो. खरा क्लब तो कॉफीचाच. चिठ्ठी वाचून लेलँड फुक्स माझ्या शेजारी येऊन बसले. वय त्र्याहत्तर, आयुष्यभर टपाल वाटलं, सहा वर्षांपूर्वी बायको गेली, आणि शाळेत असताना ग्रँटन गावच्या बँडमध्ये ट्राँबोन वाजवायचे. ग्रँटन म्हणजे आमच्या गावाचे जन्माचे वैरी. तरी माणूस चांगला.

आता आपल्याकडे सौदा कसा होतो ते तुम्हाला ठाऊक आहे. ज्याला वस्तू हवी आहे तो वस्तूचं नाव काढत नाही. लेलँड पहिल्यांदा घरी आले ते पावसाबद्दल बोलले. दुसऱ्यांदा आले ते पिस्तुलाची स्प्रिंग किती कडक असावी यावर बोलले आणि जाताना स्पीकरला गुडघ्याने हलकेच ढोसून बघितलं, गाईला बघतात तसं. तिसऱ्यांदा काखेत कूचगीतांच्या तबकड्या घेऊन आले. एक लावली. मग त्यांना ग्रँटनच्या कवायतीतलं काहीतरी दाखवायचं होतं, मला हॉल्स्टनचं बरोबर कसं होतं ते दाखवायचं होतं, आणि जॅनेल रूबार्बची गोड पाय-पेस्ट्री घेऊन आली तेव्हा आम्ही दोघं मोज्यांवर, गुडघे कमरेपर्यंत उचलत, एका जागी कदम मारत होतो. ती बशी ठेवून निघून गेली. रात्री एवढंच म्हणाली, "तो घेणार आहे, की रोज येणार आहे?"

एप्रिलच्या शेवटच्या गुरुवारी हंगामाची शेवटची स्पर्धा होती. तीनशेपैकी दोनशे ऐंशी पार करणाऱ्याचं नाव क्लबच्या लाकडी पाटीवर कोरतात. लेलँड अकरा वर्षं त्या नावामागे आहेत. ते माझ्या उजव्या हाताला उभे होते. शेवटची फेरी राहिली, दहा सेकंदांत पाच गोळ्यांची, आणि तिच्यात त्यांना पन्नासपैकी चव्वेचाळीस पुरे होते. कानावर झाकण चढवायच्या आधी ते माझ्याकडे वळले आणि म्हणाले, "वेस, त्या पेट्यांचं मी ठरवलंय. फेरी झाली की सांगतो."

मामा, हे त्यांनी तेव्हा सांगायला नको होतं. माझं अर्धं मन आईच्या पायरीवर गेलं आणि उरलेलं अर्धं रिकामं राहिलं. डोलोरिसबाईंनी हुकूम दिला (आमच्या मैदानावर त्यांचा हुकूम चालतो, चाळीस वर्षं शाळेची बस चालवलेली बाई आहे). कागद फिरून समोर आले. आणि त्या रिकाम्या अर्ध्या मनात आमचे बँडचे केस्लरसर बोलले. ते चार वर्षं आम्हाला एकच गोष्ट शिकवत होते: रांग सरळ ठेवायची तर आपल्या पायांकडे बघायचं नाही, उजवीकडच्याला धरायचं, तो जिथे तिथे तुम्ही. तीस वर्षांनी मी त्यांचं ऐकलं. उजवीकडच्याला धरलं आणि मनात एक-दोन-तीन-चार मोजत, ठेक्यात, पाच गोळ्या मारल्या. इतक्या सुरेख मी आयुष्यात मारल्या नव्हत्या. माझा कागद मात्र बाप्तिस्म्याच्या कपड्यासारखा कोरा होता.

लेलँडच्या कागदावर दहा भोकं होती. पाच अगदी मधोमध, एका नाण्याखाली झाकावीत अशी. पाच चहूकडे विखुरलेली. पिस्तुलं दोघांची बावीसची, भोकं सारखीच. डोलोरिसबाई म्हणाल्या, "कुणाची कुठली?" मी म्हटलं, मधली लेलँडची. लेलँड म्हणाले, "नाही, मधली याची." मी म्हटलं, अहो, मी कधी मध्यात मारतो का, सगळा क्लब जाणतो. ते म्हणाले, "आज मारलंस. मला माझा हात कळतो, तिसऱ्या गोळीला तो हलला." मी म्हटलं, हलला तरी गोळी सरळ गेली असेल. असं बराच वेळ चाललं. आमच्या लुथरन पंथाची दोन माणसं एकमेकांना चांगुलपणा देऊ लागली की कुणीच घेत नाही. नाव कोरायला पाटी समोरच टांगलेली, लेलँड एक शब्द खोटा बोलले असते तर झालं असतं. शेवटी डोलोरिसबाई म्हणाल्या, "तुमची प्रार्थनासभा आटोपली असेल तर नियम सांगते. एकतर दहांतली कमी गुणांची पाच घ्या, नाहीतर फेरी पुन्हा मारा." लेलँडनी पुन्हा मारली. एक्केचाळीस आले.

त्यांनी पिस्तूल पुसलं, डबा बंद केला, टोपी घातली आणि काही न बोलता गेले. एका दगडात, म्हणजे पाच गोळ्यांत, मी त्यांची पाटी घालवली होती, आईची खोली घालवली होती आणि ग्रँटनशी पुन्हा वैर सुरू केलं होतं. त्या रात्री मी स्पीकर लावले नाहीत. प्रार्थनाही थोडक्यात केली.

रविवारी चर्चनंतर आईला जेवायला आणलं होतं. बटाटे वाढून होतात तोच दारात गाडी थांबली, मागे ट्रेलर, त्यात गोधड्या आणि दोर. लेलँड उतरले. मी बाहेर जाऊन माफी मागू लागलो तर म्हणाले, "कसली माफी? अकरा वर्षांत माझ्या कागदावर पहिल्यांदा कुणी मधोमध पाच घातल्या. मी तो काचेत बसवून भिंतीवर लावलाय. स्पीकर त्याच्या खालीच येतील, मापं घेतली." गुरुवारी बोलले नाहीत ते रागाने नव्हे; बोलायला गेलो असतो तर हसू आलं असतं, आणि डोलोरिसबाईंसमोर हसायची आपली छाती नाही, असं म्हणाले.

पण आईने त्यांना सहज सोडलं नाही. खुर्ची खोलीच्या दारात ओढून तिने चौकशी मांडली. कुठे ठेवणार? काय ऐकणार? भिंती कसल्या? ग्रँटनचं नाव निघालं तशी म्हणाली, "तुमचा तो बँड. चौकातल्या वळणावर तुमची मागची रांग नेहमी फाटायची. मी पहिल्या रांगेत क्लॅरिनेट वाजवायचे, आम्ही थांबून बघायचो." लेलँड म्हणाले, "मागच्या रांगेच्या टोकाला मीच होतो, बाई. रांग मीच फाडायचो." आई म्हणाली, "वाटलंच." मग एक कूचगीत लावा म्हणाली, शेवटचं. ते संपेपर्यंत डोळे मिटून बसली आणि बोटं मांडीवर चालत होती. बटाटे गार झाले. स्पीकर ट्रेलरवर चढल्यावर ती माझ्याजवळ आली, माझा चेहरा दोन्ही बाजूंनी बघितला, आणि म्हणाली, "पडला नाही. येते मी."

जूनपासून ती आमच्याकडे आहे. तब्येत उत्तम, चिडते वेळेवर. दुपारी लेलँडकडे जाऊन येते, कारण डावीकडच्या स्पीकरचा आवाज उजव्यापेक्षा दबका आहे अशी तिला शंका आहे आणि ती अजून फिटलेली नाही. खोलीत सकाळचं ऊन येतं. मी कामावरून येतो, तिला आतून गुणगुणताना ऐकतो, आणि मला काही कमी आहे असं वाटत नाही. मी मागितलं तेवढं देवाने दिलं. मामींना नमस्कार, आणि डोळ्यांत औषध वेळेवर घालायला सांगावं.

तुमचा भाचा,
वेस्ली

ता. क. वरचं सगळं खरं आहे, पण पत्र लिहिण्याचं कारण वेगळंच आहे. मागच्या मंगळवारी लेलँड काट्याच्या खिडकीशी आले आणि सोयाबीनच्या ओलाव्याबद्दल अर्धा तास बोलले. मी ओळखलं की त्यांना काहीतरी हवं आहे. त्यांना आई हवी आहे. त्यांच्या घरात जिनाच नाही, असंही त्यांनी सांगितलं. मी म्हटलं, मी मुलगा आहे, लग्नाची परवानगी मी काय देणार. तिचा भाऊ आहे. आईची तयारी आहे, पण तुम्हाला काय वाटेल या धास्तीने ती महिनाभर तुमच्याशी फक्त हवापाण्याचं बोलते आहे. तेव्हा कृपा करून तिला फोन करा आणि माणूस बरा आहे असं ऐकतो, एवढं म्हणा. मी लिहिलं हे सांगू नका. (ती ओळखेलच.)

ता. क. २. आईची गोधडी शिवायची चौकट आठ फूट लांब आहे. लेलँडच्या बैठकीत ती बसण्यासारखी एकच जागा आहे, आणि तिथे सध्या काय उभं आहे ते तुम्ही जाणता. काल ते पुन्हा खिडकीशी आले आणि थंडी यंदा लवकर पडेल म्हणाले. मी विचार करून सांगतो म्हटलं. आपल्याकडे याचा अर्थ हो असाच होतो, तो त्यांना कळला, ते हात हलवून गेले. म्हणून तुमचं काय ठरतं ते मला जरा आधी कळवा, म्हणजे पेट्या परत आणायला ट्रेलर बघून ठेवतो. जॅनेलला मी अजून यातलं काहीच सांगितलेलं नाही. आई जाणार याचा तिला अंदाज आलेला दिसतो, कारण खोली आपल्या शिवणकामाला घ्यायची म्हणून ती रंगाचे नमुने घेऊन आली आहे. काल तिने एका भिंतीला फिका पिवळा लावून पाहिला. छान दिसतो असं मी दोनदा म्हणालो.