तेलाचा हात

३ फेब्रुवारी १९६४, सोमवार

खुर्च्या लावल्या — चाळीस! परवापासून तीन दिवस आमच्या खात्यात सेमिनार. देशभरातले तरुण शास्त्रज्ञ येणार, आणि बोलणार कशावर? धातूवर धातू घासला की अडतो किती, झिजतो किती यावर! चौथीत हे कुणी सांगितलं असतं तर मी शाळा सोडलीच नसती.

रघुपतीसाहेबांचं भाषण शेवटच्या दिवशी, मशीन चालवून दाखवत. मशीन मी चालवतो! पोलादी तबकडी फिरते, तिच्यावर पितळेची खुंटी दाबून धरायची, किती ओढ बसते ते काटा दाखवतो. आमची ओढ सगळ्यांपेक्षा कमी. साहेबांनी पितळ नवंच बनवलंय ना, त्याची कमाल. भाषण लागू पडलं तर साहेब विलायतेला. मला म्हणाले, "परसू, तबकडीला तुझ्याशिवाय कुणाचा हात लागता कामा नये."

४ फेब्रुवारी

शर्ट इस्त्रीला दिला. इस्त्रीवाली ठकुबाई म्हणाली, लग्न ठरलं काय रे? म्हटलं, छे, मशीनचं ठरलंय.

५ फेब्रुवारी

सगळे आले! एक जण तर बॉल बेअरिंग खिशात घेऊन फिरतो, बोलताना हातात खेळवतो. मी मागे उभा. इंग्रजी कळत नाही, पण आमचा जुना फिटर बसवंतअण्णा कानात कन्नडमधून सांगतो. पाय दुखले तरी हललो नाही. अण्णा म्हणाला, "बस की रे, तुला काय परीक्षा द्यायची आहे?"

६ फेब्रुवारी

आज कलकत्त्याच्या एका बाईंनी फळ्यावर डोंगर काढले. त्यांच्यावर उलटे डोंगर. गुळगुळीत लोखंड असंच असतं म्हणे, डोंगरात डोंगर अडकतो! मग मध्ये एक बारीक रेघ मारली — तेल. एवढंसं तेल पुरे, नुसतं बोट टेकलं तरी आकडा खोटा येतो.

मी माझ्या तळव्याकडे पाहिलं.

तबकडी स्पिरिटने धुवायची, असं वहीत लिहिलंय. धुतो मी. पण धुतल्यावर डोक्यावरून हात फिरवतो आणि तोच तळवा तबकडीवर. बेळगावात कृष्णाजी मिस्त्रींच्या लेथवर शिकलो — "लखलखीत लोखंड तेलाच्या हाताशिवाय सोडलंस तर गंज धरेल, कानफटात देईन!" इथेही तेच, दोन वर्षं, रोज सकाळी!

जेवणाच्या सुट्टीत एकटाच गेलो. धुतली, हात लावला नाही, चालवली — मशीन किंचाळलं! काटा दुपटीच्या वर. हात फिरवला — गप्प. पुन्हा धुतली — पुन्हा किंकाळी! पितळेची कमाल नव्हेच, माझ्या खोबरेलाची! घाबरलो, आणि नाचावंसंही वाटलं. हे मी शोधून काढलं, मी!

चार वाजता साहेबांना कँटीनमध्ये गाठून सगळं सांगितलं. वाटलं, उडतील. त्यांनी कपातला चहा नुसता ढवळला.

"दसऱ्यापासून माहीत आहे मला."

साहेब इथल्या, कानडी मुलखातल्या जुन्या मराठी घरातले, बोलताना कन्नड मध्ये येतंच. "स्वल्प ऐक. उद्याचा एक दिवस नेहमीसारखं कर. विलायतेहून परत आलो की सगळं नीट मांडतो."

तोंडातून कन्नडमध्येच होकार निघून गेला — "सरी, साहेब."

म्हणजे माझ्याशिवाय कुणाचा हात नको, ते एवढ्यासाठी! आणि मी ते अभिमानाने गावभर सांगत फिरलो. रागही येईना नीट. दोन वर्षं या माणसाने मला शिकवलं, काटा वाचायला यांनीच शिकवलं.

७ फेब्रुवारी

तबकडी धुतली. दोन्ही हात पाठीमागे बांधून उभा राहिलो. चाळीस जणांसमोर मशीन किंचाळलं. साहेबांनी माझ्याकडे पाहिलं. बंद करतील वाटलं — नाही केलं. काट्यापाशी वाकले आणि आकडा वाचला. खरा. मोठ्याने, दोनदा.