मताचा रकाना

तीर्थरूप दादांच्या चरणी (आणि त्या चरणांजवळ बसून गेले अकरा दिवस माझी उणीदुणी काढणाऱ्या तुमच्या बहिणीपासून थोडं लांब राहून) दंडवत. तुमचा डावा गुडघा कसा आहे? शिलाई मशीन पायानं चालवू नका, असं डॉक्टरांनी बजावलं होतं, म्हणजे तुम्ही चालवतच असणार. माझी प्रकृती ठणठणीत आहे. जेवण रोज करपतं, पण त्याचा प्रकृतीशी संबंध नाही.

पत्र लिहिण्याचं कारण असं, की तुम्ही एकच बाजू ऐकली आहे. भर प्रदर्शनात बायकोला जाड म्हणणारा माणूस, अशी माझी कीर्ती तुमच्या गल्लीत पसरल्याचं कानावर आलं. दादा, हे धादांत खोटं आहे. मी जाड म्हणालोच नाही. मी लार्ज म्हणालो, आणि तेही नियमाप्रमाणे.

तुम्हाला ठाऊक आहे, बस डेपोच्या हरवलं-सापडलं खोलीत मी एकवीस वर्षं काढली. छत्र्या, डबे, एकेकटे बूट, एकदा तर दातांची कवळी (ती न्यायला आलेले गृहस्थ तोंडावर रुमाल धरून बोलत होते). प्रत्येक वस्तूला वर्णनाची चिठ्ठी बांधायची, एवढं साधं काम. पण नवे साहेब आले आणि त्यांनी फर्मान काढलं, की वर्णन इंग्रजीत हवं आणि विशेषणं रांगेत हवीत. भिंतीवर तक्ताच चिकटवला. आधी मत, मग आकारमान, वय, घडण, रंग, मूळ ठिकाण, कशाचं बनलंय ते, आणि शेवटी उपयोग. ब्राउन ओल्ड लार्ज बॅग लिहिलं की साहेबांच्या पोटात दुखतं, लार्ज ओल्ड ब्राउन बॅग लिहिलं की थांबतं. बॅग तीच! त्यात माझ्या सहकाऱ्यानं एका छत्रीवर यूसलेस असं लिहिलं, मालक भांडायला आला, आणि साहेबांनी लाल पेनानं मताचा रकानाच खोडून टाकला. कर्मचाऱ्याला मत नसतं, म्हणाले. दहा वर्षांवरचं सगळं ओल्ड, हाही त्यांचाच नियम. मी दोन महिने घरी बसून घोकंपट्टी केली. ऐकून ऐकून तुमच्या बहिणीलाही ती रांग पाठ झाली होती, हे विसरू नका.

आता त्या रविवारचं ऐका. घरगुती वस्तूंचं प्रदर्शन, ही गर्दी. मी पडद्याच्या दांड्या बघत होतो, वळून पाहतो तर तुमची बहीण गायब. (मी हरवलो, असं ती म्हणते. मी जागेवरून हललो नव्हतो.) तासभर शोधलं, शेवटी घोषणेच्या खिडकीवर गेलो. आतल्या बाईंनी कागद पुढे सरकवला आणि वर्णन लिहा म्हणाल्या. दादा, घाबरलेल्या माणसाचा हात सवयीनंच चालतो. मी लिहिलं आणि बाईंनी ते कर्ण्यावरून तीनदा वाचलं: वन लार्ज, ओल्ड, राउंड, ब्राउन, कॉटन, हाउसहोल्ड वाइफ.

यात चूक कुठे आहे ते दाखवा. कॉटन हे कपड्यांबद्दल होतं. लग्नाला अठ्ठावीस वर्षं झाली, म्हणजे नियमानं ओल्ड. तुम्ही स्वतः शिंपी आहात, कंबर बेचाळीस असं दुकानभर ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं सांगता, तेव्हा कुणी माहेरी जातं का? पण मला न्याय नाही. तिच्याऐवजी दुसऱ्याच तीन बाया आपापल्या नवऱ्यांना घेऊन मला जाब विचारायला आल्या. साहेबही तिथे झारा घ्यायला आले होते. सोमवारी मला बोलावून म्हणाले, क्रम अचूक होता. एकवीस वर्षांत झालेलं हे माझं पहिलं कौतुक, आणि घरी सांगायला कुणी नाही.

ती शेवटी भेटली ती बसथांब्यावर. एवढंच म्हणाली, "अठ्ठावीस वर्षांत एक चांगला शब्द सापडला नाही तुम्हाला?"

मी म्हणालो, "चांगला शब्द म्हणजे मत. मताचा रकाना खोडलेला आहे."

खरं तेच बोललो. यावर तिनं तुमच्या गावाची बस पकडली. समजूतदार माणसानं सांगावं, यात माझा काय अपराध. मी माफी मागणार नाही, हे तिला स्पष्ट सांगा.

तुमचा निरपराध मेहुणा

ता. क. टाकीचं पाणी कुठून बंद करतात, ते सहज बोलता बोलता तिच्याकडून काढून घ्या. चार दिवस मोरीत उभा राहून विचार करतोय.

आणखी एक. आमच्या खोलीचा जुना नियम आहे: चिठ्ठीवरचं वर्णन कुणीही वाचून सांगेल, म्हणून वस्तू न्यायला आलेल्यानं चिठ्ठीवर नसलेली एक खूण सांगायची, तरच ताबा मिळतो. माझी खूण लिहून घ्या. ती कुठलंही पत्र शेवटापासून वाचते. लग्नाआधीचं माझं पहिलं पत्रही तिनं तसंच वाचलं होतं. म्हणजे तुमच्या हातून हे पत्र ओढून घेऊन ती आत्ता हीच ओळ वाचत असणार. अगं, चुकलं माझं. घर खायला उठतं. रविवारी पहिल्या बसनं तुला न्यायला येतो, आणि तो रकाना तुझ्यासमोर बसून भरतो.

दादा, तिचं एवढं वाचून झालं, की पत्र हळूच काढून घ्या. वरचं सगळं फक्त तुमच्यासाठी आहे.